तिसरा कीबोर्डही मुका

गुरुवार, दहा जुलै. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बेटावरच्या समुद्रदेवी मात्सूच्या मंदिराच्या कचेरीत तिसरा कीबोर्ड मुका झाला.

"गेला! हाही गेला!" क्वान-लिन ओरडला.

पडद्यावर भाषा निवडायची चौकट आली होती. खाली 'पुढे' असं बटण होतं. क्वान-लिनने एन्टर दाबलं, बाण दाबले आणि शेवटी एक बुक्की हाणली. चौकट जागची हलली नाही.

"बुक्क्या कसल्या मारतोस? रुसलेली म्हैस आहे का ती?" युन-शी म्हणाली.

"मग तू गोंजार!"

क्वान-लिनची धाकटी बहीण ची-मेई कोपऱ्यात बसून वहीत वेळ लिहीत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत बेटावरची बाकीची मुलं समुद्रात डुंबत होती आणि हे तिघं कालपासून या कचेरीत ठाण मांडून होते. त्याला कारण होतं.

मंदिराच्या डाव्या भिंतीवर बाराशे छोटे दिवे होते. प्रत्येक दिव्याखाली एका घराचं नाव होतं. माणसं बोटी घेऊन लांब जात, तेव्हा घरची मंडळी तो दिवा बघून निश्चिंत होत. हे दिवे कॉम्प्युटरवर चालत आणि त्यांचा प्रोग्रॅम दहा वर्षांपूर्वीच्या जुन्या सिस्टिमशिवाय चालत नसे. शनिवारी, पाच तारखेला, जुनं मशीन बंद पडलं आणि सगळी भिंत काळी झाली. मंगळवारी मंदिर समितीचे अध्यक्ष हुआंग आजोबा यांच्या पुतण्याने, च्येन-हाओने, आपल्या दुकानातून दुसरं मशीन पाठवलं. जुनी सिस्टिम त्यावर डिस्कवरून घालायची होती. पण दर वेळी गाडी याच चौकटीपाशी अडत होती.

कचेरीचं काम अकरा वर्षं युन-शीची आई, श्यू-चिन, बघत होती. काल आजोबा तिला सगळ्यांसमोर म्हणाले होते, "उद्या चारला समितीची बैठक आहे. तोवर दिवे लागले नाहीत, तर कचेरी दुसऱ्या कुणाला तरी देऊ. तुझ्या हाताखालीच मशीन बिघडलं, चिन."

घरी येऊन आईने फक्त भात करपवला होता.

"तीन कीबोर्ड एकाच जागी कसे बिघडतील?" युन-शी म्हणाली. "मला नाही पटत."

"तिन्ही हाओदादाच्या दुकानातून आलेत," ची-मेई वहीतून मान वर न काढता म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

दहा मिनिटांत ते तिन्ही कीबोर्ड काखेत मारून बर्फाच्या कारखान्यात पोचले. तिथल्या हिशेबनिसाने कपाळाला आठ्या घातल्या, पण आपल्या कॉम्प्युटरला लावू दिले. तिन्ही कीबोर्ड चालले! एकही कळ अडली नाही.

"म्हणजे खोटं बोलतोय तो!" क्वान-लिन म्हणाला. "चांगल्याला खराब म्हणतो आणि दर वेळी नवा देतो. चला, विचारूच!"

च्येन-हाओ दुकानात पंख्यासमोर बसून निवडुंगाच्या फळाचं लालभडक आइस्क्रीम खात होता.

"चालतात?" त्याने चमचा चाटला. "मग दोष हातांचा. युन-शी, तुझ्या आईला सांग, चहाचा कप लांब ठेवत जा."

"आई कचेरीत चहा पीत नाही!"

"बरं बाई, नाही पीत." तो हसला आणि मग अचानक हसायचा थांबला. "ए, मशीनच्या मागे कुणी हात लावला नाही ना? लावू नका हं. देवीचा कौल आहे."

बाहेर येताच ची-मेईने वही उघडली. "दहा पन्नास. विचारलं कीबोर्डबद्दल. बोलला मशीनच्या मागच्या बाजूबद्दल."

"फार संशयी आहेस तू," क्वान-लिन म्हणाला.

"तू नाहीस?"

"मी तुझ्याहून जास्त आहे!"

कचेरीत परतल्यावर युन-शीने ठरवलं, की आता बुक्क्या नाहीत, अंदाज नाहीत, नुसतं बघायचं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. कीबोर्डच्या कोपऱ्यात आकड्यांच्या कळांचा छोटा दिवा लागला. मशीनच्या स्वतःच्या सेटिंगचा निळा पडदा आला, तिथे बाण छान चालले. मग 'डिस्कवरून सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा' अशी ओळ आली. क्वान-लिनने कळ दाबली आणि तीही लागू पडली! डिस्क घरघरली, भाषेची चौकट आली...

"थांबा! दिवा बघा!" युन-शी किंचाळली.

कीबोर्डचा दिवा विझला होता.

"माउसचा लाल दिवाही गेला," ची-मेई म्हणाली. "दोघं एकदम."

"म्हणजे कीबोर्ड मरत नाही," युन-शी सावकाश म्हणाली. "मशीन त्याचं ऐकतं. डिस्कवरची सिस्टिम आली, की ती ऐकत नाही. पण का?"

क्वान-लिन खोक्यात डोकं घालून बसला आणि मशीनची पुस्तिका घेऊन वर आला. बाराव्या पानावर बारीक अक्षरात छापलं होतं: 'निळ्या यूएसबी जागांसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. जुन्या सिस्टिममध्ये तो नसतो. इन्स्टॉलेशनच्या वेळी कीबोर्ड व माउस काळ्या जागांत लावावेत.'

"आपला कुठे लावलाय?"

"पुढे. निळ्या जागेत. माउसपण."

"मग मागच्या काळ्यात लावू!"

युन-शी टेबलाखाली वाकली. "मागे दोनच आहेत. दोन्ही निळ्या."

"पुस्तिकेत मागे सहा आहेत," ची-मेईने बोट ठेवलं. "दोन निळ्या, चार काळ्या. नीट मोज."

"मला दोनपर्यंत मोजता येतं गं! बाकी इथे लाल कागद..." युन-शीचा आवाज थांबला. मशीनच्या पाठीवर तळहाताएवढा लाल कागद चारही कडांनी चिकटवलेला होता. तिने वरून बोट फिरवलं. खाली चार खळगे लागले.

"हात काढ!"

दारात हुआंग आजोबा उभे होते. मागे युन-शीची आई होती, तिचा चेहरा पांढरा पडलेला.

"तो कागद मी स्वतः लावलाय," आजोबा गरजले. "मशीनची पाठ देवीकडे येते. तिच्यासमोर उघडी भोकं बरी दिसतात का? शिवाय उदबत्तीची राख आत जाते. तीनदा कौल लावला, तिन्ही वेळा देवी हो म्हणाली!"

"पण आजोबा, त्याखालीच..."

"पण नाही आणि बिण नाही! देवीच्या शब्दावर पोरांचा शब्द?"

युन-शी घाबरली होती, पण मागे सरली नाही. "तुम्ही देवीला काय विचारलं होतंत, आजोबा? नेमके शब्द?"

"विचारलं, की राखेपासून भोकं झाकू का?"

"मग दिव्यांसाठी ती उघडू का, हे कुणी विचारलंच नाही. ते मी विचारू?"

कौल मागायला कुणालाही मनाई नव्हती. हा नियम आजोबांनीच गावाला शंभरदा ऐकवला होता.

एक वाजून पाच मिनिटांनी युन-शी देवीसमोर गुडघ्यांवर बसली. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे तिने कपाळाला लावले आणि टाकले. दोन्ही सपाट बाजू वर करून पडले. म्हणजे ना हो, ना नाही; देवी नुसतीच हसली!

"बघ," आजोबा म्हणाले.

"हसणं म्हणजे नाही नव्हे," ची-मेई पुटपुटली. "लिहून ठेवते."

दुसऱ्यांदा एक ठोकळा पालथा पडला, एक उताणा. होकार! तिसऱ्यांदाही होकार! चौथ्या खेपेला एक ठोकळा फरशीवर गरागरा फिरत राहिला. आईने डोळे मिटून घेतले. ठोकळा थांबला.

"होकार!" क्वान-लिनने उडी मारली. "सलग तीन!"

कागद सोलला. खाली चार काळ्या जागा होत्या. युन-शीने एकीत कीबोर्ड लावला, दुसरीत माउस. मशीन सुरू झालं, डिस्क घरघरली, चौकट आली. कीबोर्डचा दिवा तसाच! तिने एन्टर दाबलं आणि पडदा पुढे सरकला. आई रडली आणि हसलीही. मग डोळे पुसून खुर्चीवर बसली, कारण पुढचं काम तिचं होतं. नावांची यादी ती दर शुक्रवारी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवत असे. ती यादीही होती, प्रोग्रॅमही होता.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी बाराशे दिवे लागले.

बैठकीला आलेली मंडळी भिंतीपाशी थबकली. हुआंग आजोबांनी घसा खाकरला. "चिन, मी चुकलो. माझ्याच कागदाने दिवे अडवले आणि बोल तुला लावला. पोरांनो, तुम्ही आम्हा म्हाताऱ्यांपेक्षा नीट पाहिलंत. आणा तो कागद, मानाने अग्नीत टाकू."

ची-मेईने कागद वहीत जपून ठेवला होता. ती तो पुढे करायला गेली आणि थांबली.

"आजोबा, याच्या मागे लिहिलंय."

"काय?"

तिने वाचलं: "'मंदिर कचेरीचे नवे कारकून म्हणून हुआंग च्येन-हाओ यांची नेमणूक. तीन जुलै.'"

"तीन?" युन-शी म्हणाली. "पण जुनं मशीन तर पाच तारखेला बंद पडलं!"

"हे माझं अक्षर नाही," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "कचेरीच्या ड्रॉवरमधला वरचा कागद मी उचलला. उलटून पाहिला नाही."

"आणि कागद लावायचं कुणी सुचवलं?"

आजोबांनी दाराकडे पाहिलं. "हाओने."

चार वीसला तिघं दुकानापाशी पोचले, तेव्हा शटर खाली होतं. शेजारची भाजीवाली म्हणाली, की तो तीनच्या बोटीने काऊशुंग बंदराला गेला. कधी येणार ते तिला माहीत नव्हतं.

रविवार संध्याकाळपर्यंतची स्थिती अशी: समितीच्या नऊही सदस्यांनी तीच ओळ लिहून दाखवली. एकाचंही अक्षर जुळलं नाही. जुनं मशीन आपोआप बंद पडलं की पाडलं, हेही कळलेलं नाही. पुढची बैठक मंगळवारी चार वाजता आहे. तोवर कचेरीची किल्ली श्यू-चिनकडेच राहील, असं हुआंग आजोबांनी सहीनिशी लिहून दिलं आहे. लिहिण्याआधी त्यांनी कागद उलटून पाहिला.

च्येन-हाओचा फोन अजून बंद आहे.