उजवा पाय पुढे

कल्याणी डेअरीच्या पायऱ्या उतरत होती, तोच मागून कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावला. तिने गर्रकन वळून ठोसा हाणला तो थेट दुधाच्या पिशवीवर. पिशवी फुटली. दुधाने न्हालेला एक काडीपैलवान तरुण, चष्मा पुसायचंही विसरून, तिच्या घराची किल्ली पुढे करून उभा होता.

“पडली होती...” तो म्हणाला.

त्याचं नाव दिग्विजय. बारशाला घरच्यांनी काय विचार केला होता, कुणास ठाऊक.

कल्याणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिचाही इलाज नव्हता. दोन महिन्यांपूर्वी खराडीला, ऑफिसजवळच्या बसस्टॉपवर एका माणसाने तिचा हात धरला होता आणि ती नुसती थिजून उभी राहिली होती. तो निघून गेला, भीती मात्र तिच्याबरोबर खडकीला घरी आली. भाऊ ऑफिसातून आणायला येतो म्हणाला, तर तिने साफ नाही म्हटलं. तिला एकटीने, न घाबरता घरी यायचं होतं. तेव्हापासून रोज सकाळी गॅलरीत, हाताला बाबांच्या गुडघ्याची पट्टी गुंडाळून आणि मोबाइलवर बॉक्सिंगचे व्हिडिओ लावून ती गजाला बांधलेली उशी बडवत होती. त्या उशीने काय पाप केलंय, असं आई रोज विचारायची.

पण ठोसा आला तेव्हा या काडीपैलवानाने हनुवटी खाली घेतली होती, पिशवीसकट मुठी गालांशी आणल्या होत्या, डावा पाय पुढे!

“कुठे शिकलात हे?”

“तुमच्याकडेच.” तो लाजला. समोरच्याच इमारतीत राहायचा, सकाळी कुंड्यांना पाणी घालता घालता... “तुम्ही कोच आहात ना?”

चोरून बघतो म्हणून चिडावं, की कोच म्हटलं म्हणून फुलून जावं, हे तिला ठरवता येईना. तिने दोन्ही केलं. बघायचं तर विचारून बघायचं, असं आधी झापलं, मग दुसऱ्या दिवशी गच्चीवर बोलावलं.

गच्चीवर दोघं समोरासमोर उभी राहिली आणि घोळ उघडकीला आला. शिष्याचा डावा पाय पुढे, गुरूचा उजवा. व्हिडिओतला माणूस डावा पाय पुढे टाकून, तिच्याकडे तोंड करून शिकवायचा आणि ती आरशात बघावं तशी नक्कल करायची. म्हणजे सगळं उलटं. दिग्विजयने तिची तशीच नक्कल केली, त्यामुळे उलट्याचं उलटं होऊन त्याचं सगळं बरोबर आलं होतं.

कल्याणी मटकन खाली बसली. पुन्हा त्या बसस्टॉपवर उभी असल्यासारखं वाटलं तिला. “म्हणजे मला काहीच येत नाही.”

“असं कसं? माझं दूध काय आपोआप सांडलं?”

ती हसली... डोळे पुसत हसली. मग पायांची अदलाबदल करून पहिल्यापासून शिकायला लागली. उशी आता तो धरायचा. ठोसा बसला की दोन पावलं मागे जायचा आणि “छान” म्हणायचा.

एका संध्याकाळी खडकीला बसमधून उतरल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज वाटेत आपण एकदाही मागे वळून बघितलं नाही. हे आधी आईला नाही, दिग्विजयला सांगावंसं वाटलं. तो डेअरीपाशीच भेटला. ऐकून त्याचाच चेहरा उजळला. मग बराच वेळ तो चष्मा पुसत राहिला.

“हात... धरू का?”

हात धरायच्या आधी विचारणारा माणूस! आपण याच्या प्रेमात पडलोय, बहुधा त्या दुधाच्या पिशवीपासूनच, हे कल्याणीने मनाशी कबूल करून टाकलं.

“विचारलंत म्हणून वाचलात,” ती म्हणाली, आणि तिने उजवा हात पुढे केला.