ताराआत्याचं गाव शेवटी

घाटसावळीच्या पुढं रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, एसटीच्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि शिवकन्याच्या मांडीवरच्या क्रेटमधलं एक सीताफळ उडून शेजारच्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर फुटलं.

ती चपापली. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायाशी जाडजूड बॅग... आता हा काय काय बोलतो, म्हणून तिनं मनाची तयारी केली. पण त्यानं खिशावरून ओघळणारा गर बोटानं निपटला, इकडंतिकडं बघितलं आणि ते बोट गुपचूप तोंडात घातलं.

"गोड आहे," तो म्हणाला. "फक्त एक दिवस उशीर झाला याला."

एरवी तिला हसू आलं असतं. पण त्या दिवशी साधारण हेच ती दुसऱ्यांदा ऐकत होती. सकाळी बीडला पुण्याच्या एका आइस्क्रीम कंपनीचा खरेदी अधिकारी आला होता. क्रेट उलटंपालटं करून तो म्हणाला होता, "मॅडम, चव फर्स्टक्लास. पण काही फळं कच्ची, काही उतरलेली. आम्हाला रोज एकसारखा गर लागतो. दिवाळीपर्यंत जमवून दाखवा, मग वर्षाचा करार करू."

वडवणीच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये शिवकन्याचा सीताफळाचा गर काढायचा कारखाना होता. डोंगरातल्या वाड्यांवरून टेम्पो फळं आणायचा आणि तिच्याच वाडीतल्या बायका बिया काढून गर डब्यांत भरायच्या. पण हे काम चालायचं सीताफळाच्या हंगामापुरतं. दिवाळी झाली की याच बायका नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला जायच्या. शिवकन्याचं स्वतःचं बालपण उसाच्या फडात, वाळल्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, गेलेलं. करार झाला तर गर गोठवून वर्षभर डबे भरून पाठवायचं काम देता येईल, बायका घरी राहतील... एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"तुम्ही रोज एकाच वाटेनं फळं गोळा करता का?" शेजारच्यानं विचारलं.

"कावून? तुमी व्यापारी हायत का?"

"नाही. बीडला कॉलेजात गणित शिकवतो. वाटांच्याच गणितात डॉक्टरेट केली आहे. कुठून निघावं, कुठं आधी जावं, कुठं नंतर..."

"म्हणजे डॉक्टर."

"औषध न देणारा." तो हसला. गालाला हलकी खळी पडली, आणि शिवकन्या उगाच खिडकीबाहेर बघायला लागली.

वडवणीच्या कॉलेजात त्याचं व्याख्यान होतं, 'गणिताचे उपयोग' या विषयावर.

"पोरं येतात ऐकायला?" तिनं विचारलं.

"चहा असला की बरी येतात."

"मग असला उपयोग पोरांना सांगण्यापेक्षा माझ्या टेम्पोला सांगा की."

ती सहज बोलून गेली, उतरली आणि विसरली. म्हणजे... विसरली असं तिला वाटलं.

रविवारी तो शेडच्या दारात उभा. अंगात तोच शर्ट; खिशावरचा डाग काही गेला नव्हता. "मी हनुमान," तो म्हणाला. "परवा नाव सांगायचं राहिलं. तुमचा टेम्पो कुठं आहे?"

तिनं आधी रोखठोक विचारून घेतलं, "तुमची फी काय?"

"फी नको. माझ्या एमएस्सीच्या पोरांना पुस्तकातलीच उदाहरणं सोडवून कंटाळा आलाय. तुम्ही आम्हाला एक खरा प्रश्न द्या, आम्ही उत्तर शोधतो. आम्हालाही शिकायचंच आहे."

"आन् उत्तर न्हाई आलं तर?"

"तर प्रश्न चांगला होता म्हणायचं," तो जरा अडखळला, "आणि परत यायचं."

त्या दिवशी तो धोंडीरामच्या शेजारी बसून टेम्पोतून सगळ्या वाड्या फिरला. धोंडीराम हा शिवकन्याचा टेम्पोचालक. त्याच्या मते सर माणूस चांगला, पण प्रश्न फार विचारतो. कोणती वाडी उन्हाच्या अंगाला, कोणती सावलीला? चढ कुठं, खड्डे कुठं, फळ किती वेळ टेम्पोत राहतं? दुसऱ्या खेपेला शिवकन्याही गेली. काम होतं तिला, डोंगरात. निदान आईला तरी तिनं तसंच सांगितलं.

एका झाडाखाली तिनं फांदी वाकवून त्याला फळ दाखवलं. "या गाठींमधल्या फटी बघा. रुंद झाल्या, पिवळसर दिसायला लागल्या की डोळा उघडला म्हणतात. डोळा उघडला की तोडायचं. झाकलेला असताना तोडलं तर फळ दगडासारखं राहतं."

"आणि डोळा उघडूनही कुणी तोडलंच नाही तर?"

"तर पाखरं खातात, सर."

फांदी तिच्या हातातून सुटली. दवाचे थेंब दोघांच्याही अंगावर उडाले... आणि त्यानं चष्मा पुसायला नको इतका वेळ लावला.

पंधरवड्यात त्यानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी आराखडा करून आणला. रोज सगळीकडं जायचं नाही. उन्हाच्या अंगाच्या वाड्यांचं फळ लवकर पिकतं, तिथं एक दिवसाआड जायचं. सावलीच्या वाड्यांना थोडं थांबायचं. टेम्पो रिकामा असताना आधी लांबच्या वाडीला जायचं आणि गोळा करत करत जवळ यायचं. शिवकन्याला सगळं पटलं. फक्त एका ओळीवर तिनं बोट ठेवलं.

"पहिला थांबा ताराआत्याचा. तो बदलायचा न्हाई."

ताराबाई तिची सख्खी आत्या. कारखाना काढला तेव्हा पोरीच्या नावावर फळ द्यायला कुणी तयार नव्हतं. पहिला टेम्पो आत्यानं भरून दिला होता. तेव्हापासून टेम्पो आधी तिच्या गावाला जायचा.

"अडचण तिथंच आहे," हनुमान हळूच म्हणाला. "आत्यांचं गाव सगळ्यात जवळ. त्यांचं फळ आधी चढतं आणि दिवसभर सगळ्यांच्या तळाशी दबतं, तापतं. तुमचा कच्च्या-पक्क्याचा घोळ तिथून सुरू होतो. त्यांचं गाव शेवटी पाहिजे."

"गणिताला आत्या नसती, सर."

"मला आहे. तलवाड्याला."

"मग तिला एकदा पंगतीत शेवटी वाढून बघा."

तो बॅग उचलून दारापर्यंत गेला, आणि तिथून वळून म्हणाला, "तुम्ही बोलू नका. मी बोलतो आत्यांशी."

ताराबाईच्या ओसरीवर हनुमान मांडी घालून बसला. ठेचा-भाकरी खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हता. आत्या समोर बसून त्याला निरखत होती, आणि शिवकन्या चुलीशी बसून उगाच लाकडं सारत होती.

"आत्या," तो म्हणाला, "लग्नात नवरी सगळ्यांच्या आधी मांडवात येऊन बसते का?"

"येडा का काय तू? नवरी शेवटी येती."

"आणि बघतात कुणाकडं?"

"नवरीकडंच की."

"तसंच तुमचं फळ. सगळ्यात शेवटी चढेल, सगळ्यात वर राहील. पुण्याच्या माणसानं टेम्पोत डोकावलं की पहिलं दिसेल ते तुमच्या गावचं."

आत्या पदर सावरत म्हणाली, "लई गोड बोलतो. नाव काय म्हणलास?"

"हनुमान."

"लगीन?"

"अजून नाही."

"करणार हायस, का नावाला जागणार हायस?"

त्याला ठसका लागला. शिवकन्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि चेहरा पुन्हा चुलीकडं वळवला. तो लाल झाला तर दोष धुराला देता आला असता. पण आत्या इतक्यात सोडणारी नव्हती.

"शिवे, टेम्पोवाला तुला ताई म्हणतो. आख्खी वाडी ताई म्हणती. ह्यो कावून न्हाई म्हणत?"

"मी मॅडम म्हणतो," तो घाईनं म्हणाला.

"त्येच इचारते मी," आत्या म्हणाली. "जाऊ दे. उद्यापासून टेम्पो शेवटी येऊ दे माझ्याकडं. मात्र टेम्पोसंगं, पोरा, तू बी यायचं, अधूनमधून."

परतताना टेम्पोत धोंडीराम एकटाच मिशीत हसत होता.

"सर," शेवटी तिनं विचारलं, "खरंच... कावून न्हाई म्हणत?"

तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "म्हणायला गेलो होतो एकदा. तोंडातून निघालंच नाही."

पुढचा आठवडा मात्र अवघड गेला. आभाळ भरून आलं, फळं पिकेनात. आराखड्याप्रमाणे गेलेला टेम्पो अर्धा रिकामा परत आला आणि बायका शेडमध्ये हातावर हात ठेवून बसल्या. दिवाळी तोंडावर आलेली. शिवकन्यानं फोन लावला आणि तिचा आवाज चढला, "सर, तुमच्या गणितात आभाळ न्हाई का?"

पलीकडून तो म्हणाला, "नाही. राहिलं ते. येतो."

तो विद्यार्थ्यांना घेऊनच आला. तिला वाटलं होतं, सबबी सांगेल. पण त्यानं बाज ओढली आणि तिच्यापुढं बसून विचारलं, "ढग आले की तुम्ही काय करता, ते सांगा. मी ते तुम्हाला आधीच विचारायला हवं होतं."

"आमी काय... अंदाजानं एखादा दिवस मागं सरतो. कधी लागतो, कधी चुकतो."

"अंदाज तुमचा, हिशेब आमचा. दोन्ही एकत्र बांधू."

दुपारभर ते तिथं बसले. ती सांगत होती, पोरं लॅपटॉपवर टिपत होती, आणि तो तिचं बोलणं इतक्या मन लावून ऐकत होता की मधेच ती वाक्य विसरली. आजवर तिला सल्ला देणारे पुष्कळ भेटले होते. असं ऐकून घेणारा कुणी भेटला नव्हता. राग कधी उतरला ते तिचं तिलाही कळलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी हवामान बघून वाट ठरायला लागली. टेम्पो भरून यायला लागला, आणि उघडलेल्या डोळ्यांची, एकसारख्या तयारीची फळं शेडमध्ये रांगेनं बसायला लागली. दिवाळीच्या आधी पुण्याचा अधिकारी स्वतः वडवणीला आला, दोन-तीन दिवस राहिला, रोज डबे उघडून गर चाखत राहिला. जाताना करारावर सही करून गेला. "एवढ्यात काय जादू केलीत?" त्यानं विचारलं.

"जादू न्हाई," शिवकन्या म्हणाली. "बीडच्या कॉलेजातून गणित आणलं."

दिवाळी झाली. ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक वाडीत आला. शिवकन्याचे वडील बबनराव ओट्यावर बसले होते. मुकादमानं विचारलं, "बबनराव, औंदा कधी निघायचं?"

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. बबनरावांनी आत स्वयंपाकघरात वावरणाऱ्या शिवकन्याच्या आईकडं, सुभद्राबाईकडं, बघितलं आणि सावकाश म्हणाले, "औंदा आमचा कोयता न्हाई." शेजारच्या ओट्यावरूनही तेच उत्तर आलं. त्याच्या पलीकडूनही. ट्रक पुढच्या वाडीकडं गेला, आणि शिवकन्या गोठ्यामागं जाऊन पोटभर रडली. सुखानं.

सगळं जमून आलं आणि एक नवीच अडचण उभी राहिली. हंगाम संपला. झाडांवर पानं तेवढी उरली, टेम्पोवर ताडपत्री पडली. वाटाच उरल्या नाहीत, तर वाटांच्या गणितवाल्यानं यायचं कशाला?

तरी तो आला. एका रविवारी फ्रीजर कसे मांडावेत ते बघायला. पुढच्या रविवारी ते हलवायला. त्याच्या पुढच्या रविवारी पेरूचा गर निघतो का, याची चौकशी करायला. आणि पेरू खाऊन गेला. मग एक रविवार कोरडा गेला. शिवकन्यानं दिवसभर दारातला रस्ता बघितला. आई म्हणाली, "कुणाची वाट बघतीस?" ती म्हणाली, "गॅसवाल्याची."

सोमवारी तिनं फोन केला. "सर, टेम्पोच्या वाटेत लई घोळ झालाय. लगेच या."

कॉलेज सुटल्याबरोबर निघाला असावा. ऊन कलायच्या आत त्याची मोटारसायकल तिच्या घराच्या दारात होती. धुळीनं माखलेला चेहरा, हातात बॅग. तो थेट अंगणातल्या टेम्पोपाशी गेला, आणि थबकला.

"याच्यावर तर ताडपत्री आहे."

"हो."

"मग घोळ कुठं झाला?"

"शोधा की. डॉक्टर हायत तुमी."

त्यानं बॅग खाली ठेवली. बराच वेळ ताडपत्रीच्या दोरीची गाठ चाचपत राहिला. "मॅडम, काल मी आलो नाही..." तो म्हणाला. "घाटसावळीपर्यंत विचार करत आलो होतो, काय कारण सांगावं. एकही सुचलं नाही, परत फिरलो. कारणं संपली माझी. आणि काही कारण नसताना यायचं म्हणजे... खरं कारण सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं."

"तुम्ही नाही म्हणालात तर इथं यायचंच बंद होईल, ही भीती वाटते."

शिवकन्यानं आवाज जाग्यावर ठेवला. "मी काल दिवसभर रस्ता बघितला, सर. आईला खोटं सांगितलं. आज तुमाला खोटं सांगून बोलावलं. एवढं खोटं मी धंद्यात बी कधी बोलले न्हाई. अजून काय सांगायचं बाईमाणसानं?"

तो वळला. चष्म्यावर धूळ होती, तरी त्यामागचे डोळे तिला स्वच्छ दिसले.

"शिवकन्या," तो म्हणाला. नुसतंच. ना मॅडम, ना काही. "माझ्याशी लग्न करशील?"

तिनं मान खाली घातली, मग वर केली. "करीन. कारखाना मात्र सोडणार न्हाई."

"मी कॉलेज सोडणार नाही. बीड-वडवणी काही लांब नाही. त्या वाटेचं गणित मी करतो."

त्यानं हात पुढं केला. तिच्या तळहाताला सीताफळाच्या गराचे काळसर डाग होते, हंगाम संपून गेला तरी न गेलेले. ती हात मागं घ्यायला लागली, तेवढ्यात त्यानं तो धरला आणि सोडला नाही.

आतून सुभद्राबाईंचा आवाज आला, "शिवे, कोण आलंय गं? सर हायत का?"

शिवकन्यानं त्याच्याकडं बघितलं.

"न्हाई आई," ती म्हणाली, "आपलेच हायत. चहा ठेव, आमी आत येतो."