परक्या झग्यातला रविवार

"हलू नका! अगदी तस्संच थांबा…"

लिओनीच्या काळजात धस्स झालं. संपलं… कुणीतरी ओळखलं! मोंमार्त्रच्या बागेत रविवारचा नाच ऐन रंगात आला होता, आणि तिच्या अंगावरचा पिवळ्या पट्ट्यांचा झगा होता एका वकिलाच्या बायकोचा. धुवायला आलेला, उद्या पोचवायचा. धुलाईच्या दुकानातल्या सगळ्याच पोरी रविवारी असं मिरवायच्या. लाज तेवढी मेली हिच्याच वाट्याला आली होती.

ओरडणारा मात्र निघाला चित्रकार. अनातोल त्याचं नाव. बाहीला हिरवा रंग, दाढीलाही.

"पानांतून ऊन पडलंय तुमच्यावर. पळायच्या आत पकडू द्या."

"मग उन्हाला पकडा. मला कशाला?"

"तुम्ही थांबलात तरच ते थांबतंय ना!"

ती हसली. त्याचा कुंचला झरझर चालला. तो मान वर करून बघायचा आणि हिचे गाल तापायचे.

"पुढच्या रविवारी याल? याच झग्यात?"

"येईन…" ती बोलून गेली.

झगा सोमवारीच गेला. आठवडाभर इस्त्री फिरवताना तिला स्वतःचीच शरम वाटत राहिली. जाऊच नये का? पण त्याचं ते बघणं… शेवटी ती गेली, आपल्या विटक्या निळ्या झग्यात.

अनातोलने तिच्याकडे पाहिलं. "जरा बाजूला होता का? मी एकीची वाट बघतोय."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. तरी उसनं अवसान आणून ती म्हणाली, "ती नाही यायची. झगा मालकिणीकडे गेला."

"तुम्हाला कसं…?"

"मीच धुतला होता. आणि घातलाही मीच होता."

तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. तिने चित्राकडे पाहिलं. झग्यावरचा एकेक कवडसा त्यात होता. चेहऱ्याच्या जागी मात्र गुलाबी रंगाचे दोन फटकारे!

"आम्ही नवे चित्रकार असंच काढतो," तो पुटपुटला. "क्षणभर दिसेल तेवढंच…" मग त्याने मान खाली घातली. "छे! खोटं कशाला बोलू? मी तुम्हाला पाहिलंच नव्हतं. नावसुद्धा विचारलं नाही. लाज वाटते मला."

"लिओनी."

"बसा ना, लिओनी. आत्ता चेहरा काढतो."

तिने त्याच्या हातातला कुंचला अलगद काढून घेतला.

"आज चित्र नको," ती म्हणाली. "आज नुसतं बघा."