काढून ठेवलेले श्वास

बबडी सकाळचं दूध पिऊन झोपते, तेवढाच वेळ माझा. स्वयंपाकघरालगतची अडगळीची खोली आम्ही रिकामी केली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, आणि तिथे बसून मी जुनी रेकॉर्डिंग्ज साफ करते. टेपची खरखर, खुर्चीची करकर, मध्येच कुणाचं खाकरणं. हेडफोन एकाच कानाला लावते. दुसरा कान पाळण्याकडे.

यंदा रेकॉर्ड कंपनीने त्या चौघांच्या बँडच्या टेपा पाठवल्या. त्या चौघांनी मला वाढवलं असं म्हटलं तर आई रुसेल, पण खोटं नाही ते. दादाच्या बंद दाराला कान लावून मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. हॉस्टेलच्या गच्चीवर त्यांच्यावरून मैत्रिणींशी कडाकडा भांडले. पहिला प्रेमभंग त्यांच्याच कडव्यांवर निभावून नेला. बास वाजवणारा स्टेजवर एक अक्षर बोलायचा नाही, म्हणून तो मुनी. ड्रमवाला पैलवान, गिटारवाला लांबू. गायकाला आम्ही नुसतं ‘तो’ म्हणायचो. आता चौघेही म्हातारे झाले होते. फोटोत बघितलं की कुणाचे तरी आजोबा वाटायचे.

प्रत्येकाचं वाजवणं वेगळ्या ट्रॅकवर होतं. मी मुनीपासून सुरुवात केली. त्याच्यासमोरच्या माईकमध्ये त्याचा श्वासही शिरला होता. कंपनीतल्या सरांची सूचना स्पष्ट होती: खरखर, श्वास, सगळं काढायचं, नव्या लोकांना स्वच्छ लागतं.

आमच्या कामात एक पद्धत आहे. जे काढलं तेवढंच वेगळं वाजवून ऐकायचं. कचऱ्याबरोबर गाणं तर गेलं नाही ना, ते कळतं. मी ऐकत होते आणि बबडी किरकिरत उठली. तिला मांडीवर घेताना हेडफोनची वायर निसटली आणि मुनीचे श्वास खोलीभर वाजू लागले. समुद्रासारखी खरखर, आणि तिच्यात एक माणूस संथपणे श्वास घेतोय. प्रत्येक श्वासाच्या शेवटी नाकात बारीकशी टिकटिक.

बबडी ऐकत राहिली. मग माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली.

बाळ झोपवण्यासाठी आई काय वाटेल ते करते. मी तो कचरा जपून ठेवला आणि रोज वाजवू लागले. नवऱ्यालाही कचरा वेगळा काढून वाजवायचं बटण दाखवून ठेवलं. तो म्हणाला, जगात अंगाई गाणारे खूप, पण अंगाई म्हणून कचरा वाजवणारी तूच.

त्याच आठवड्यात मुनी गेला. झोपेतच, असं बातमीत होतं. दादाचा फोन आला. ऑफिसबाहेर गाडीत बसून तो रडत होता, आणि बाबा गेले तेव्हाही न रडलेला माझा भाऊ मला सांगत होता की आपलं लहानपण गेलं गं.

मी पैलवानाचा ट्रॅक साफ केला. फटका मारण्याआधी तो घशातून हुंकार द्यायचा, ते सगळे हुंकार काढून ठेवले. बबडीला ते फार आवडले. नंतर पैलवान गेला. लांबूच्या वेळी मी स्वतःला बजावलं होतं की असलं काही मनात आणायचं नाही. त्याचा ट्रॅक पाठवला, आणि कपडे वाळत घालताना रेडिओवर त्याच्या नावापुढे ‘दिवंगत’ ऐकलं.

नवरा म्हणाला, वयं झाली होती त्यांची, दारू काय, सिगरेटी काय, शरीर कुठवर साथ देणार. पटण्यासारखं होतं. सर फोनवर हसत म्हणाले की काम जरा उरक बाई, नाहीतर शोकसभेलाच लावावं लागेल. मी हसले नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग बबडी झोपेत टिकटिक करू लागली.

श्वासाच्या शेवटी, नाकात. अधूनमधून कूस वळताना घशातून एक जाड हुंकार. मी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ तिच्या पाठीला नळी लावून ठेवली, पुन्हा पुढून ऐकलं. छाती स्वच्छ आहे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

“घरात सिगरेट कोण ओढतं?”

आमच्या घरात कुणीच ओढत नाही. तसं सांगितलं.

घरी येऊन मी तिघांचाही कचरा पुसून टाकला. ‘त्या’चा ट्रॅक उघडलाच नाही. तो हॉस्पिटलमध्ये असल्याचं दादाने कळवलं होतं. तग धरून आहे, एवढंच. तो तरी राहू दे, असं मी देव न मानणारी बाई मनात घोकत होते. सरांना कळवलं की गायकाचे श्वास मी काढणार नाही, तुम्हाला हवं तर दुसरं कुणी बघा. आणि बबडीला मी खांद्यावर घेऊन स्वतःच्या बेसूर आवाजात गात राहिले.

ती झोपेना. दिवस दिवस रडायची, हुंदक्यांनी निळी पडायची. नवऱ्याच्या डोळ्यांखाली काळं आलं. मला ताटावर बसल्या बसल्या डुलकी लागायची.

सुट्टीच्या दुपारी त्याने मला अंघोळीला पिटाळलं. मी बघतो तिला, जरा माणसात ये म्हणाला. पाणी डोक्यावर घेताना तिचं रडणं ऐकू येत होतं. मग थांबलं.

मी ओल्या केसांनीच बाहेर आले. नवरा पाळण्याची दोरी हलवत होता. ओठांवर बोट ठेवून त्याने मला गप्प केलं. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं.

“ते तिघं तू पुसलेस ना,” तो कुजबुजला. “मग चौथ्याचं मीच काढलं. तू दाखवलेलं तेच बटण. लगेच झोपली बघ.”

खोलीत ‘त्या’चे श्वास वाजत होते. एकामागून एक, मध्ये गाणं नसलेले.

टेबलावर माझा फोन थरथरत होता. दादा. थांबला. पुन्हा थरथरू लागला. मी उचलला नाही.

मी जाऊन स्पीकर बंद केला.

श्वास थांबले नाहीत.

ते पाळण्यातून येत होते. खोल, खरबरीत, जुन्या धुराने घासलेले. मग ते थबकले, आणि बबडीने तो एक लांब श्वास घेतला. तो मी कुठेही ओळखीन. पहिल्या ओळीआधी ‘तो’ असाच घ्यायचा, आणि सगळं मैदान चिडीचूप व्हायचं.

तिची इवलीशी छाती वर आली. ओठ विलगले.

“आता स्वप्नात काहीतरी बोलणार बघ,” नवरा कौतुकाने म्हणाला.

ओळ सुरू व्हायच्या आत मी तिच्या तोंडावर अलगद हात ठेवला.