महिपतच्या कानातली कीर्र

आटपाट नगर वगैरे काही नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की पुढं एक फाटा फुटतो. तो चढून गेलं की वीस-पंचवीस उंबऱ्यांची वाडी. तिथं महिपत राहतो आणि त्याची बायको रखमा. मुलगा दीपेश मुंबईत कामाला. दोन म्हशी, थोडं भात, थोडी नाचणी. माणसं अजून आहेत, खोटं वाटेल त्यानं जाऊन विचारावं. यातली निम्मी गोष्ट महिपतनं सांगितली, निम्मी रखमानं, आणि दोघांची एकमेकांना जुळते. नवरा-बायकोचं एवढं जुळतं म्हणजे घडलेलंच असणार.

दिवाळीच्या आधी महिपतचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. महाडला, एका खाजगी दवाखान्यात. भूल दिली, पोट शिवलं, संध्याकाळी गडी शुद्धीवर आला. डोळे उघडले आणि पहिलं काय बोलला?

"कुकर कुणी लावलाय गो? बंद कर आधी."

रखमा इकडं बघते, तिकडं बघते. दवाखान्यात कुठला कुकर?

त्याच्या डाव्या कानात कीर्र सुरू झाली होती. रातकिडा ओरडतो तशी. पण रातकिडा मधे दम तरी खातो, ही खात नव्हती.

सर्जन म्हणाले, "भूल पूर्ण उतरली की जाईल." भूल उतरली, टाके सुकले, दिवाळी झाली. कीर्र होती तिथंच. परत गेला तर सर्जन म्हणाले, "अहो, मी पोट उघडलं, कानाला हात तरी लावलाय का? भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारा." ते शनिवारीच यायचे. शनिवारी गेला तर ते म्हणाले, "भुलीनं असं सहसा होत नाही." त्या 'सहसा'वर महिपत आठवडाभर जळत होता. "सहसा म्हंजे काय? व्हतं का नाय व्हत? एक काय ते सांगा ना!"

वाडीतल्या लोकांचं तर विचारूच नका. एक म्हणे लसणीचं तेल घाल, दुसरा म्हणे कांद्याचा रस. म्हातारा गोमाजी बिडी ओढत म्हणाला, "तुला भूल दिली तवा तुझा जीव घटकाभर भाईर गेलावता. परत येताना त्याच्यासंगं दुसरं कायतरी आत शिरलं."

"मग सांग त्याला, भाडं भर म्हणून," महिपत म्हणाला.

दीपेशनं मुंबईहून फोनवर सांगितलं, "बाबा, टेन्शन नका घेऊ. मोबाईलवर पावसाचा आवाज लावायचा आणि झोपायचं." लावला. कानात कीर्र आणि उशाशी पाऊस. मध्यरात्री रखमा दचकून उठली आणि गळतंय म्हणून घरभर टोप मांडत सुटली.

पाय मोडला असता तर लोकांनी प्लास्टर बघितलं असतं. ताप असता तर कपाळाला हात लावला असता. कानातला आवाज कुणाला दाखवायचा? लोक म्हणत, "चांगला धडधाकट तर हाय." महिपत आधी चिडायचा, मग भांडायचा, मग गप्प बसायला लागला. रात्री तर उठून डोकं भिंतीला टेकवून उभा राहायचा. एकदा रखमाला म्हणाला, "ह्यो कान उपटून टाकीन मी एक दिवस." म्हणाला असा, की तिनं कोयता पेंढ्यात लपवून ठेवला.

त्यात हाकांचं भांडण. आपल्याकडं रीत आहे ना, अंधार पडला की हाक तीनदा मारायची, आणि तीन झाल्याशिवाय कुणी ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नसतं, ते एकदाच मारतं. वाडीतलं शेंबडं पोरही ही रीत पाळतं. रखमा गोठ्यातून तीन हाका मारायची. त्या कीर्रमधून महिपतला एखादीच ऐकू जायची. एकच आली म्हणून तो ओ द्यायचा नाही. रखमा दुधाचं भांडं आपटत आत यायची.

"घसा फुटला माझा! मेले असते तिकडं तरी कळलं नसतं."

"एकच मारलीस तू."

"तीन मारल्या! तुमच्या दीपेशची आन, तीन!"

शेवटी वैतागून तिनंच ठरवून टाकलं. "ऐका, आता एक ऐकू आली की ओ द्यायची. मी तीनच मारते, तुमच्या कानात एक पोचते. संपलं."

संपलं कसलं? तिथंच तर सुरू झालं.

हे सगळं दोन वर्षांमागचं. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, आणि त्याच दिवशी अवस आलेली. अवसेला उद्यापन करावं की नाही, यावर वाडीतल्या बायका सकाळभर भांडल्या. रखमा म्हणाली, "मी करणार. माझ्या घराला लक्ष्मी नको, नुसती शांतता दे म्हणून मागणार." तिनं महिपतला महाडला धाडलं. कानाच्या डॉक्टरला दाखवायचं आणि येताना घटापुढं ठेवायला पाच फळं आणायची.

डॉक्टरनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला भोंगे लावले, बारीक-मोठे आवाज ऐकवले. मग म्हणाले, "ऐकण्याची नस थोडी दुखावली आहे. हा आवाज बाहेर नाही, मेंदूच तयार करतोय. यावर खात्रीचं औषध नाही. हळूहळू सवय करून घ्या."

"सवय?" महिपत म्हणाला. "डॉक्टर, तुमच्या उशाशी पिठाची गिरण लावतो. करा सवय."

फळं घेतली, पोलादपूरला आला. घाटात ट्रक बंद पडलेला, एसटी लटकली. फाट्यावर उतरला तेव्हा नऊ वाजून गेले होते. एका हातात फळांची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईलची बॅटरी. वर चांदण्या तेवढ्या, चंद्राचा पत्ता नाही. दिवसभराचा राग डोक्यात आणि कीर्र कानात, असा तो चढ चढत होता.

वाडीच्या अलीकडं ओढ्यावर एक साकव आहे, लाकडी पूल. साकवाखाली डोह. त्या डोहाबद्दल वाडीत कुणी बोलत नाही. मीही बोलणार नाही.

साकवाच्या मधोमध आला.

"अवो…"

रखमाचा आवाज.

खालून. डोहाच्या अंगानं.

तो थांबला. एकच हाक. पण ठरलेलं होतं ना… बाकीच्या दोन कानात बुडाल्या असतील. फळांना उशीर झाला म्हणून आली असेल आडवी.

"ओ! इथं हाय गो."

आणि कीर्र थांबली.

एकदम. कुणी बटण दाबावं तशी.

त्याला आधी कळलंच नाही. मग पिशवीची सळसळ ऐकू आली. मग पान पडल्याचा आवाज. मग स्वतःचा श्वास. महिपत त्या साकवावर मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला.

"रखमा… थांबली गो! आवाज थांबला!"

खालून कुणी बोललं नाही.

त्यानं डोळे पुसले. कान दिला.

कीर्र…

बारीक. न थांबणारी. ओळखीची.

कानात नव्हती ती आता. डोहातून येत होती.

मग कण्हणं. मग पाण्यावर हात आपटल्याचा आवाज. मग दगडावर काहीतरी… ठप्. ठप्. डोकं आपटावं तसं.

महिपत उठला. बॅटरी खाली मारली नाही. मागं बघितलं नाही. पळाला.

घरी रखमा घटापुढं बसलेली, दिवसभराच्या उपासानं तोंड सुकलेलं. "ही येळ झाली यायची? लक्ष्मी काय तुमच्या एसटीची वाट बघत बसल?"

"तू साकवावर आलीवतीस?"

"मी? घट मांडून उठू कशी?"

त्यानं सगळं सांगितलं. रखमानं फळं मांडली, पूजा केली, दाराला आतून कडी घातली. वर दाराशी उखळ सरकवलं.

दिवा बारीक करून दोघं पडली. महिपत जागाच होता. एवढी शांतता वाया कशी घालवायची, असं त्याला झालं होतं. म्हशीचा रवंथ ऐकत होता.

"अवो…"

रखमाचाच आवाज. अंगणातून.

रखमा तर शेजारी होती. तिनं त्याचं मनगट धरलं. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायचा, म्हणजे काय होत असेल बाईचं…

"अवो…"

दुसरी.

बराच वेळ काही नाही.

"अवो…"

तीन. अगदी रीतीनं तीन.

जन्माची सवय. महिपतचे ओठ उघडले. रखमाचा तळवा तोंडावर बसला.

बाहेर पावलं नव्हती. नुसती कीर्र घराभोवती फिरत होती. पडवीशी आली. खिडकीशी आली. थांबली. मग तोच आवाज, पण आता रडकुंडीला आलेला, वैतागलेला.

"घ्या की वो परत… निजू देत नाय…"

महिपतला भीती वाटायला हवी होती. त्याला दया आली. दोन महिने घसा कोरडा करून सांगितलं, कुणाला कळलं नाही. आणि हे जे कोण बाहेर होतं, त्याला कळलं होतं. अख्ख्या दुनियेत त्या एकाला. एवढंच म्हणावं, की बाबा रे, मला ठाऊक हाय तुझं… त्याचे डोळे भरले. त्यानं रखमाचा हात बाजूला केला.

रखमानं दुसरा हात ठेवला. अंगाचा भार टाकून. त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"नाय. तुमचं नाय आता ते."

कीर्र फिरत राहिली.

ती दोघं तशीच… एकाच्या तोंडावर दुसरीचा हात… कोंबडा आरवेपर्यंत.

मग बाहेर गप्प झालं. महिपतची मान कलंडली. रखमानं हात काढला, तर तळव्यावर त्याचे दात उमटले होते.

उजाडल्यावर तिनं उखळ सरकवलं, कडी काढली. अंगण तिनं आदल्या दिवशीच सारवलेलं. त्यावर एक पाऊल नाही, कुत्र्याचंसुद्धा नाही. पण उंबऱ्याच्या बाहेर दोन चिखलाचे बोळे ठेवले होते. डोहातला काळा चिखल, ओला, एका टोकाला निमुळता करत आणलेला, कानात कोंबून काढावा तसा. जाड टोकावर अंगठा दाबल्याची खूण. गोमाजी आला, त्यानं एक उचलला आणि स्वतःच्या कानाशी धरून बघितला. बोळा त्याच्या बोटाहून लांब होता. म्हाताऱ्यानं तो खाली ठेवला आणि बिडी न पेटवताच घरी गेला.

आत महिपत घोरत होता. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. म्हशी हंबरल्या, दुधाची वेळ टळून गेली, दीपेशचा फोन वाजून वाजून बंद झाला, तरी रखमानं त्याला उठवलं नाही. उंबऱ्यात बसून राहिली, आत कान लावून.

आज महिपतचा कान लख्ख आहे, झोपही गाढ. त्याला लागते तशी झोप तुम्हां सगळ्यांना लागो.