बारा फासळ्यांचा रेडिएटर

कोट काढून ठेवलात ते बरं केलंत. शेगडी चांगली पेटली आहे, सरका जवळ. कंदील इथेच राहू दे.

याच ऑक्टोबरची गोष्ट. बारा तारखेला झागोर्काबाई नावाच्या कुणा बाईंचा फोन आला, की एका खोलीसाठी, गरम पाण्याने खोली तापवणारा रेडिएटर निवडायचा आहे, येऊन बघून जा. आमच्या झायेचार गावात चाळीस वर्षं मी हेच काम केलं. लोक स्थळ बघायला गेल्यासारखे रेडिएटरचं आधी रूप बघतात, गुण जानेवारीत कळतात. टेप आणि वही घेऊन निघालो. पत्त्याकडे नीट लक्ष गेलं ते जिना चढताना. दुसरा मजला, डावीकडचं दार. या घरात मी आधी एकदा काम केलं होतं. तरी बेल वाजवली.

झागोर्काबाईंनी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आधी चमचाभर मुरांबा आणि पाणी पुढे केलं, मग मला खोलीत नेलं. जुना पांढरा रेडिएटर गळत होता. खाली भांडं लावलेलं.

"मिस्त्री, तो पांढरा, नाजूक मिळतो ना, तसाच नवा लावा. माझ्या बहिणीकडे आहे."

"बहिणीकडे लहान मूल आहे?"

"मांजर आहे."

"मांजराला चालेल मग."

सून दुशित्सा दारात उभी होती, ती हसली नाही. खोलीत एक पाळणा, बाकी काही नाही. तिचा नवरा बेलग्रेडला बांधकामावर. मुलगी सातव्या महिन्यात झाली आणि अजून हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती.

"गुरुवारी सोडणार आहेत," ती म्हणाली. "खोली बावीस डिग्रीच्या खाली असेल तर नेऊच नका, म्हणाले डॉक्टर. जमेल ना, काका?"

"जमेल," मी म्हणालो आणि मापं घेतली. तीन बाय चार. दोन भिंती बाहेरच्या, खिडकी उत्तरेला. रेडिएटरच्या एकेका भागाला आमच्याकडे फासळी म्हणतात. एवढ्या खोलीला एरवी नऊ फासळ्या पुरतात, इथे तीन वाढवायला हव्या होत्या. आणि रेडिएटर बिडाचाच, ओतीव लोखंडाचा हवा. रात्री सगळ्या गावाला गरम पाणी पुरवणारा कारखाना पाण्याची आच कमी करतो. तो पांढरा नाजूक तेव्हा लगेच गार पडतो, बीड सकाळपर्यंत ऊब धरून ठेवतं.

"आणि जोडनळी लागेल," मी म्हणालो.

"खालच्यांसाठी असते ती ना? खाली कुलूप आहे हो. कशाला उगाच?" झागोर्काबाई म्हणाल्या. मी वहीत तिचं माप लिहिलं.

तुम्हाला सांगायला हवं. आमच्या इमारतींत एकच उभी नळी असते. गरम पाणी वरच्या मजल्यावरून येतं, एकाच्या रेडिएटरमधून खालच्याच्या रेडिएटरमध्ये जातं. म्हणून प्रत्येक रेडिएटरच्या आधी एक छोटी जोडनळी ठेवतात. वरच्याने आपला नळ बंद केला, तरी पाणी तिच्यातून खाली उतरतं. अकरा वर्षांपूर्वी याच खोलीतला तो पांढरा रेडिएटर मीच लावला होता. तेव्हाचा मालक म्हणाला, जोडनळी फार कुरूप दिसते. मी ती कापून टाकली. जानेवारीत तो नळ बंद करून पंधरा दिवस मुलीकडे गेला.

खाली पहिल्या मजल्यावर स्तानोयका आजी राहायची, एकटी. तिच्या खाली तळघर. म्हणजे त्या नळीवर ती शेवटची.

त्या इमारतीत एक पद्धत आहे. पंधरा ऑक्टोबरला गरम पाणी सोडतात. आपला रेडिएटर तापला की चमच्याने नळीवर एकदा टक् करायचं. चौथा मजला, तिसरा, दुसरा, आणि सगळ्यांत शेवटी आजीचा टक्. मग सगळे म्हणायचे, पोचलं. ऊब पोचली नाही तर तीनदा टक्. त्या जानेवारीत आजी तीन दिवस तीन-तीन टक् करत होती. वरच्यांच्या बाकीच्या खोल्या दुसऱ्या नळ्यांवर तापलेल्या होत्या; आजीचं घर एका खोलीचं. त्यांना वाटलं, म्हातारी टीव्हीच्या आवाजावरून कटकट करतेय. सापडली तेव्हा चमचा तिच्या मुठीतच होता. रेडिएटरवर संत्र्याची सालं वाळत घातलेली, वासासाठी. नळ कुणी तपासला नाही. मीही तोंड उघडलं नाही. पुढे तिच्या भाच्याने रेडिएटर भंगारात विकला, नळी सरळ जोडून घेतली आणि घराला कुलूप लावलं.

चौदा तारखेला मी बारा फासळ्या वर चढवल्या. कामासाठी पाणी काढल्यामुळे सगळ्या नळ्या कोरड्या होत्या. जुना रेडिएटर काढला की नळीच्या तोंडातून काळ्या पाण्याची घाण येते, ती नाकाला सवयीची. त्या दिवशी संत्र्याच्या सालीचा वास आला. ताज्या सालीचा. मी नाक पुसलं, पुन्हा वाकलो. तेवढ्यात खालून...

टक्. टक्. टक्.

दुशित्साच्या हातातला झाडू थांबला.

"खाली कुणी राहायला आलंय का, पोरी?"

"नाही, काका... म्हणजे तुम्हालाही ऐकू आलं?"

मला ती आजीच वाटली. त्या भीतीत मी नको ते केलं. जोडनळी मुख्य नळीपेक्षा एक माप बारीक असावी लागते, तरच पाणी रेडिएटरकडे वळतं. मी मुख्य नळीइतकीच जाड बसवली. जाऊ दे आजीला भरपूर, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी सुटलं. आम्ही तिघं खोलीत होतो. चौथ्या मजल्याचा टक् आला, मग तिसऱ्याचा. दुशित्साने चमचा मारला. आणि खालून एक टक्, स्पष्ट. झागोर्काबाईंनी छातीवर क्रूस काढला.

मी रेडिएटरला हात लावला. नळी चटका देत होती, बाराच्या बारा फासळ्या गार. भिंतीवरचा पारा पंधरावर. सगळं पाणी सरळ खाली निघून जात होतं.

"परवा गुरुवार आहे, काका," दुशित्सा एवढंच म्हणाली.

बुधवारी सकाळी पाणी बंद करवून मी बारीक जोडनळी बसवली. दुपारपर्यंत फासळ्या तापल्या, खोली तेवीसवर गेली. दुशित्सा पाळण्याचा कठडा धरून रडली. मी हत्यारं पिशवीत भरायला लागलो.

टक्. टक्. टक्.

थोडं थांबून पुन्हा तीन. खोलीत संत्र्याच्या सालीचा वास पसरला. आणि पारा उतरायला लागला. तेवीस, वीस, अठरा... आमच्या डोळ्यांदेखत. फासळ्यांना हात लावला तर पोळत होत्या. पण तोंडातून वाफ निघत होती.

"मिस्त्री," झागोर्काबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे. तोंडावर दिसतंय."

मी सगळं सांगितलं. मान खाली घालून, अकरा वर्षांचं सगळं. दुशित्साने पाळणा माझ्यापासून दूर ओढला.

"मग आम्हाला काय सांगताय?" झागोर्काबाई म्हणाल्या. "खाली जा."

मी गेलो. कुलपावर बोटभर धूळ होती. दाराला कपाळ टेकलं तर लाकूड बर्फगार.

"आजी," मी म्हणालो, "ती नळी मी कापली. तुम्ही गेलात आणि मी गप्प बसलो. मला लाज वाटते, आजी. पण त्या लेकराचं काही घेऊ नका... तिची एक रात्रही निभायची नाही. घ्यायचं तर माझ्याकडून घ्या. तुम्हाला हवं तेवढं."

मग दारामागून एक टक्. एकच.

वर आलो तर खोली तेवीसवर होती. तिथून हलली नाही ती नाहीच. मुलगी गुरुवारी घरी आली. आता चार किलोची झाली आहे, झागोर्काबाई फोनवर ओरडून सांगतात, जसं काही मी बहिरा आहे. ऐकून फार बरं वाटतं. पाळणा हलवतानाचा आवाजसुद्धा ऐकवतात.

हे माझं घर. गावाबाहेर, डोंगरात. इथे रेडिएटर नाही, उभी नळी नाही, एवढी एक शेगडी. तुमच्या कपाळावर घाम आलाय, दिसतंय मला. माझ्या अंगात दोन स्वेटर आणि वर हा कोट आहे. हात लावून बघा... बघा ना. नोव्हेंबरात फक्त बोटं गार पडायची. आता खांद्यापर्यंत आलंय. डॉक्टरांनी दोनदा रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. आणि जानेवारी लागायला अजून नऊ दिवस आहेत.

माझी तक्रार नाही. शब्द मीच दिला होता.

निघायच्या आधी तेवढं एक सांगा. ते शेगडीवर साल वाळत पडलंय... ते तुम्ही ठेवलंत का? या वर्षी मी घरात अजून संत्रं आणलेलं नाही.