जीपीएसला मजला कळत नाही

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, ठाऊक आहे मला. मीही आजवर अशा गोष्टी वाचून "हो का, बरं बरं" म्हणत पान उलटलेलं आहे. पण ही माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची गोष्ट आहे, आणि त्या माणसाला थाप मारता येत नाही. तो दातांच्या कवळ्या बनवतो. दुसऱ्याच्या तोंडात काय बसेल आणि काय बसणार नाही, एवढाच विचार त्यानं आयुष्यभर केलाय.

भुताच्या गोष्टी रात्रीच सुरू होतात असाही एक समज आहे. ही रविवारी भर दुपारी सुरू झाली. जेवणं झाली होती. बहीण आडवी झाली होती. मेहुणा खटकन् कॉम्प्युटर चालू करून एका मेलेल्या माणसाचं यंत्र तपासायला बसला होता.

आता यंत्र कसलं ते सांगायला हवं.

मेहुण्याचा छंद म्हणजे जिओकॅशिंग. नाव मोठं, काम सोपं. कुणीतरी एक डबा झाडाच्या ढोलीत, नाहीतर पुलाखाली लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. मग बाकीची शहाणी माणसं हातात जीपीएस यंत्र धरून काट्याकुट्यांतून तो डबा शोधतात. सापडला की त्यातली एक वस्तू घ्यायची, तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तिथे परत लपवायचा. बस्स. बहीण म्हणते, "घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही, आणि निघाले जंगलात डबे शोधायला."

या छंदातला त्याचा जोडीदार म्हणजे पैलवान. अंगानं काडी, म्हणून पैलवान. लिफ्ट दुरुस्त करायचा. प्रत्येक डब्यात तो आपली खूण म्हणून जुन्या लिफ्टचं एक बटण ठेवायचा. कधी तीन नंबरचं, कधी घंटीचं. त्याचा एकच नियम होता. सुरू केलेला शोध अर्धा सोडायचा नाही. मग पाऊस येवो, नाहीतर बायकोचा फोन.

थंडीच्या सुरुवातीला पैलवान एका डब्यासाठी जुन्या दगडखाणीवर एकटाच गेला. मेहुण्याला त्या दिवशी कुणाची तरी कवळी पुरी करून द्यायची होती.

खाण पाण्यानं भरलेली आहे. खोल, काळं पाणी.

कड्यावर पैलवानाचं यंत्र सापडलं. पाणबुडे उतरले, वर आले, पुन्हा उतरले.

पैलवान सापडला नाही.

त्याची बायको शाळेत गणित शिकवते. काही दिवसांनी तिनं ते यंत्र आणून मेहुण्याच्या हातात ठेवलं.

"भाऊजी, सगळे मला म्हणतात, आता मानून घ्या. काय मानून घेऊ? तुम्हा दोघांना काडेपेटीएवढे डबे सापडायचे. एक अख्खा माणूस सापडत नाही?"

मेहुण्यानं यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"याच्यात बघा काही कळतं का. त्याचे डबेही तुम्हीच सांभाळा." या लोकांत तशी रीत आहे. डबेवाला गेला की त्याचे डबे कुणीतरी दत्तक घेतं. "आणि त्याला घरी आणा. कसंही करून. कसंही."

'कसंही' हा शब्द वहिनी दोनदा बोलल्या. मेहुण्याला तो पुढे फार उपयोगी पडला.

तर रविवारची दुपार. यंत्राला केबल जोडली. पडद्यावर नकाशा आला. पैलवान त्या दिवशी जसा चालला तशी लाल रेघ नकाशावर उमटली. गाडी लावल्याच्या जागेपासून झाडीतून, वळणं घेत, कड्यापर्यंत.

यंत्र कड्यावरच सापडलं होतं.

पण रेघ कड्यावर थांबली नव्हती...

ती पाण्यावर पुढे गेली होती. तळ्याच्या मधोमध जाऊन तिथे गोल गोल फिरली होती. डबा जवळपास आहे पण दिसत नाही, तेव्हा माणूस फिरतो तशी.

मेहुण्यानं मनाशी म्हटलं, ओल शिरली असणार. शिकलेल्या माणसाचं हेच सुख. त्याच्याजवळ कारण नेहमी तयार असतं.

यंत्रात पैलवानाचा शेवटचा शोध अजून चालूच होता. कुणी बंद केलाच नव्हता. तो मेहुण्यानंही बंद केला नाही. त्यानं या छंदातले सगळेच करतात ते केलं. यंत्र तपासायचं तर ओळखीचं ठिकाण द्यायचं, आणि घरापेक्षा ओळखीचं ठिकाण कुठलं? त्यानं माउसनं शोधाचा झेंडा खाणीवरून उचलला आणि ओढत आणून आपल्या इमारतीवर सोडला. नाव दिलं 'चाचणी'. उपग्रहाच्या फोटोत झेंड्याचं टोक बरोबर कोपऱ्यातल्या खोलीवर आलं.

ती त्याच्या मुलीची खोली. चिमणीची.

"बाबा, मी डबा?" चिमणीनं पाठीमागून विचारलं.

"हो. आणि आत सगळा कचरा."

दोघंही हसली.

केबल काढून तो गॅलरीत गेला. यंत्रानं आपली जागा दाखवायला हवी होती, म्हणजे घर. ते खाण दाखवत होतं. अंतर, अकरा किलोमीटर. बिघडलंय, असं म्हणून त्यानं ते टेबलाच्या खणात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सहज बघितलं, तर अंतर नऊ.

यंत्र खणातच होतं...

त्या संध्याकाळी यंत्र जी जागा दाखवत होतं तिचा ठिपका त्यानं नकाशावर लावून पाहिला. तो खाणीत नव्हता. वाटेवर होता. वाटेवर म्हणजे, रस्त्यावर नव्हे. जिवंत माणूस रस्त्यानं येतो, वळणं घेतो, सिग्नलला थांबतो. हा ठिपका सरळ येत होता. गोदामातून. शाळेच्या मैदानातून. लोकांच्या स्वयंपाकघरांतून.

तो बहिणीला काही बोलला नाही. नवरे अशा गोष्टी बोलत नाहीत. त्यांचं फक्त जेवण कमी होतं.

मग एका सकाळी तळमजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या. त्यांचं घर कोपऱ्यातलंच. मेहुण्याच्या घराच्या बरोबर खाली, तीन मजले सोडून.

"काल संध्याकाळी कुणीतरी बेल वाजवली. उघडलं तर कुणी नाही. आणि पायपुसणं बघा, पिळून काढावं असं ओलं! तुमच्याकडेच कुणी आलं होतं का?"

"नाही आजी."

"मग माझ्याकडे कोण येणार? माझ्याकडे वीजबिलाशिवाय कुणी येत नाही."

मेहुणा वर आला. खण उघडला.

अंतर, शून्य.

त्या दिवशी तो कामावरून लवकर परतला. अंधारून येत होतं. चिमणी तिच्या खोलीत चित्रं रंगवत होती. बहीण कपड्यांच्या घड्या घालत होती.

खणातून आवाज आला...

टिक. टिक. ठिकाण जवळ आलं की ही यंत्रं असा आवाज करतात.

"अहो, ते तुमचं खेळणं बंद करा आधी."

मेहुण्यानं यंत्राच्या बॅटऱ्या काढून टाकल्या. आवाज थांबला.

तेव्हा लिफ्टचा आवाज ऐकू आला.

लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. एखादा माणूस कोपऱ्यातल्या दारापर्यंत जाऊन परत यावा, एवढा वेळ गेला. दार बंद झालं. लिफ्ट सुरू झाली.

मेहुणा उभाच राहिला. त्याला एकदम सगळं कळलं. जीपीएसला मजला कळत नाही. अक्षांश कळतो, रेखांश कळतो. पण एकावर एक पाच घरं असली, तर यंत्राच्या लेखी ती एकच जागा. मग शोधणाऱ्याला एकेक मजला बघत यावं लागतं.

आणि पैलवान शोध अर्धा सोडत नसे.

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली...

"कोण हो सारखं लिफ्ट थांबवतंय?" बहीण म्हणाली. "आणि तुम्ही असे पांढरे का पडलात?"

"चिमणीला घेऊन पुढच्या खोलीत ये."

"का?"

"अगं, ये म्हणतो ना!"

बॅटऱ्या काढून काही थांबलं नव्हतं. जो निघाला होता त्याला यंत्राची गरज नव्हती. त्याला फक्त कुठे जायचं ते कळलं होतं. मेहुण्यानं बॅटऱ्या परत घातल्या, केबल जोडली, नकाशा उघडला. झेंड्यावर बाण नेला, आणि...

आणि हात थांबला. कुठे सोडायचा?

खाणीवर? पैलवानाला तिथे डबा सापडला नव्हता, म्हणूनच तर तो फिरत होता. रस्त्यावर? तिथून कुणीतरी जाणार. जगाचा नकाशा समोर पसरला होता आणि मेहुण्याला एक जागा सुचत नव्हती.

लिफ्टचं दार तिसऱ्या मजल्यावर बंद झालं. लिफ्ट वर निघाली. त्यांचा मजला चौथा.

कसंही करून, वहिनी म्हणाल्या होत्या. कसंही.

मेहुण्यानं झेंडा उचलला आणि पैलवानाच्या घरावर सोडला.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर आली. दार उघडलं.

कुणी बाहेर आलं नाही.

बराच वेळ दार उघडंच राहिलं. मग ते मिटलं आणि लिफ्ट खाली गेली. सकाळी लिफ्टमध्ये पाणी साचलेलं होतं. वॉचमननं पुसलं आणि पाइप गळतोय म्हणून तक्रार लिहिली.

"माणूस स्वतःच्या घरीच जातोय ना, दादा?" मेहुणा मला नंतर म्हणाला. "मी वाईट काय केलं?"

मी त्याचा कप पुन्हा भरला.

तो वहिनींना काही बोलला नाही. दोन-तीन दिवसांनी त्यांचाच फोन आला. आवाज असा, की आधी ओळखूच आला नाही. हसत होत्या.

"भाऊजी, आमचं फाटक असतं ना, खालून पायानं उचलल्याशिवाय उघडत नाही? त्याला एकट्यालाच जमायचं बघा ते. आज उघडलं."

"वहिनी, दार लावून घ्या."

"काहीतरीच काय? आता कशाला लावायचं दार?"

फोन बंद झाला.

मेहुणा गाडी काढून निघाला. पैलवानाचं घर बैठं, स्वतंत्र. तिथे मजल्यांचा घोळ नव्हता.

फाटक उघडं. दार उघडं. टेबलावर मुलांच्या पेपरांचा गठ्ठा, अर्धा तपासलेला. दोन कपबशा. एक चहा प्यायलेला, एक काठोकाठ भरलेला, गार.

दारापासून बिछान्यापर्यंत ओल्या पावलांची रांग.

बिछान्यापासून दारापर्यंत ओल्या पावलांच्या दोन रांगा...

उशीवर लिफ्टचं एक बटण होतं. पितळी, जुनं. त्यावर खाली जाणारा बाण.

घ्याल तेवढ्याच मोलाचं काहीतरी ठेवा, असा नियम आहे. पैलवानानं नियम पाळला होता. त्याच्या हिशेबानं.

वहिनींना पोलिसांनी शोधलं. पाणबुडे पुन्हा उतरले, वर आले. लोक हळहळले, म्हणाले, दुःखानं गेली बिचारी. मेहुण्यानं मान हलवली.

यंत्र त्याच्या खणात होतं. ठिपका परत खाणीकडे जात होता. पण हळू. येताना होता त्याच्याही निम्म्या चालीनं. सोबत असली की माणूस हळूच चालतो.

ठिपका तळ्याच्या मधोमध पोचला. पडद्यावर अक्षरं आली.

'शोध पूर्ण. पुढचं ठिकाण?'

आणि त्याखाली, सगळ्यांत जवळचं म्हणून, यंत्रानं स्वतःच सुचवलेलं नाव. 'चाचणी'. झेंडा परत चिमणीच्या खोलीवर.

मेहुण्यानं ते पुसलं. पुसून यंत्र बंद केलं. चालू केलं, तर ते तिथेच होतं. ठिपका हललेला होता, थोडासा, घराच्या दिशेनं.

म्हणजे रिकामं ठेवून चालणार नव्हतं. कुठेतरी पाठवायलाच हवं होतं.

मग त्यानं नकाशा लहान लहान करत नेला. शहर गेलं, देश गेला, निळं आलं. पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, भर समुद्रात, जिथे बेटसुद्धा नाही, तिथे त्यानं झेंडा रोवला.

ठिपका फिरला. त्या दिशेनं चालू लागला.

अजून चालतोय. मेहुणा रोज बघतो. बॅटऱ्या संपू देत नाही. घरात दूध संपलं तर चालतं, बॅटऱ्या नाही. बहिणीला वाटतं, मित्राच्या जाण्यानं त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. चिमणीची खोली बदललीय. कोपऱ्यातल्या खोलीत आता जुन्या सुटकेसी आहेत.

हे सगळं त्यानं मला परवा सांगितलं, माझ्याच घरी, चहा पिता पिता. शेवटी कप खाली ठेवून म्हणाला,

"दादा, उद्या मला काही झालं, तर यंत्र तू घेशील ना? दत्तक? कुणीतरी सांभाळायला हवं. ठिपका झेंड्याजवळ पोचला की झेंडा पुढे सरकवायचा, एवढंच."

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, "जाताना वाटेत काय करतात रे ते?"

"पहिल्या वेळी काही केलं नाही. पण तेव्हा तो एकटा होता."

"आणि सरळच जातात? लोकांच्या घरांतून?"

"सरळच."

खाणीपासून समुद्रातल्या त्या झेंड्यापर्यंतची रेघ त्यानं नकाशावर काढून पाहिलीय. तिच्यावर कुणाकुणाची घरं लागतात ते त्याला ठाऊक आहे. मी विचारलं, रेघ आमच्या गल्लीतून जाते का?

तो उठला, चपला घातल्या.

"नकाशा कशाला बघायचा, दादा," तो म्हणाला. "झोपत जा शांत."

तो गेल्यावर मी दार लावायला गेलो.

पायपुसण्यावर सहज पाय पडला...

ओलं होतं.